संलयनाचा विक्रम आणि प्रवाहाचे गणित

जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथील ‘वेंडेलश्टाइन ७-एक्स’ या स्टेलरेटर यंत्राने २२ मे २०२५ रोजी प्लाझ्माची घनता, तापमान आणि उष्णता टिकवण्याचा काळ यांच्या गुणाकाराची विक्रमी पातळी ४३ सेकंद राखली. तापमान ३ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत गेले. पण हा प्लाझ्मा आत वाहतो कसा, हे कळल्याशिवाय पुढची अणुभट्टी आखता येत नाही.

तिथे कोणतेही उपकरण घालता येत नाही. म्हणून किंचित आरगॉन वायू सोडून त्याच्या क्ष-किरणांची तरंगलांबी मोजतात. डोंबिवलीत न थांबणाऱ्या मेलचा भोंगा येताना चढा, जाताना उतरता ऐकू येतो. तोच डॉप्लर परिणाम इथे वेग सांगतो. आयन आणि इलेक्ट्रॉन यांची गळती समसमान राहील असे विद्युतक्षेत्र प्लाझ्मात आपोआप तयार होते. त्यावरून प्रवाहाचे गणित मांडतात आणि ते मोजणीशी ताडून पाहतात.

संलयन ऊर्जा २० वर्षांत हाती येईल, असे भाकीत होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हात केले होते. ठाणे-कल्याणच्या घरांत ही वीज अजून आलेली नाही. हे यंत्रही वीजनिर्मितीसाठी बांधलेले नाही. म्हणून नव्या घोषणा ऐकताना वर्ष विचारण्याआधी गणित आणि मोजणी जुळली का, हे विचारावे.