विटलेल्या फोटोला पायऱ्या किती?

बालमित्रांनो, तुमच्या घरी भिंतीवर किंवा ट्रंकेत एखादा जुना रंगीत फोटो असेलच. आजी-आजोबांच्या लग्नाचा, नाहीतर आईच्या बारशाचा. पाहा बरं, लालसर झालाय ना? काहून? फोटोतले सगळे रंग सारखे विटत नाहीत. निळसर रंग आधी गेला, की मागे लालसरपणा उरतो. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात माणसं कोमेजतात, तिथं बिचाऱ्या फोटोचं काय! तो आणखी विटण्याआधी आईबाबांना सांगून स्कॅन करून घ्या. मात्र स्कॅनवाल्या काकांना एक गोष्ट आधी सांगायची. ती समजायला थोडं गणित लागेल. घाबरू नका, गुणाकारच आहे!

कॉम्प्युटर रंग आकड्यांत लिहितो. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाचा एकेक जिना. ८ बिटचा जिना म्हणजे २ हा आकडा आठ वेळा मांडून केलेला गुणाकार, २५६ पायऱ्या. पहिली ० ची, शेवटची २५५ ची. तीन जिने मिळून १,६७,७७,२१६ रंग! नुसतं बघायला एवढे पुरेत. अडचण येते ती फोटो सुधारताना.

समजा, विटून विटून फोटोतला सगळ्यांत गडद भाग १०० वर आणि सगळ्यांत उजळ भाग १८० वर आलाय. मधे पायऱ्या किती? मोजा. ८१. फोटो पुन्हा ठसठशीत करायचा, तर या ८१ पायऱ्या ० पासून २५५ पर्यंत ताणाव्या लागतात, आणि मधल्या जागा रिकाम्या राहतात. मग मागचं आकाश पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, आजीच्या गालावर डाग पडल्यासारखे वाटतात. तोच फोटो १६ बिटमध्ये स्कॅन केला, तर जिन्याला ६५,५३६ पायऱ्या. त्याच विटलेल्या तुकड्यात ८१ गुणिले २५६, म्हणजे २०,७३६ पायऱ्या येतात. आता खुशाल ताणा!

स्कॅनरवर मात्र ‘४८ बिट’ असं लिहिलेलं असतं, तीन रंगांचे सोळा-सोळा. ‘२४ बिट’ म्हणजे आठ-आठच. फाइल टिफ मागा, कारण नेहमीच्या जेपेगमध्ये ८ बिटच मावतात. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला, तर जवळजवळ ५२ एमबी होतील, तयारी ठेवा. जेपेग घेऊन नंतर १६ बिटमध्ये बदलू, असं म्हणाल तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

या जादा पायऱ्या उपग्रहांनाही लागतात, बरं का. इस्रोचं एक सुदूर संवेदन केंद्र आपल्या नागपुरातच आहे. २०११ मध्ये सोडलेल्या रिसोर्ससॅट-२ च्या ‘लिस-३’ कॅमेऱ्याला आधीच्या ७ बिटऐवजी १० बिट दिले. १२८ च्या जागी १,०२४ पायऱ्या!

आता कलर स्पेस. ‘तिसरी गल्ली, चौथं घर’ एवढाच पत्ता दिला तर पोस्टमन विचारेल, सीताबर्डीतलं की धरमपेठेतलं? तसंच लाल २५५, हिरवा १२८, निळा ० म्हणजे संत्र्याचा रंग खरा, पण नेमका कोणता, हे कलर स्पेस सांगते. एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये सुचवलेली एसआरजीबी ही सगळीकडे चालते. १९९८ ची अडोबी आरजीबी तिच्याहून मोठी, विशेषतः हिरव्या रंगांत. पण काही प्रोग्रॅम मोहल्ला वाचतच नाहीत, सगळं एसआरजीबीच समजतात. त्यात अडोबीवालं संत्रं फिक्कट दिसतं. शिवाय मोहल्ला मोठा आणि पायऱ्या तेवढ्याच, तर दोन पायऱ्यांतलं अंतर वाढणारच.

माझं मत विचाराल, तर घरच्या विटलेल्या फोटोला एसआरजीबी पुरते. बिट मात्र १६ च घ्या. ‘गिम्प’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम २०१८ च्या २.१० आवृत्तीपासून १६ बिटमध्ये काम करतो. मूळ टिफ तशीच ठेवून तिच्या नकलेवर हात चालवा. सगळं झालं, की आत्याला फोनवर पाठवायला ८ बिटची जेपेग काढा. आणि हो, कागदावरचा फोटो पुन्हा उन्हाच्या भिंतीवर टांगू नका, पाकिटात घालून कपाटात ठेवा.