आधी दाखवा तर खरं

साडीच्या दुकानात "काय दाखवू?" या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, "दाखवा तर खरं." मुरलेला दुकानदार मग आणखी विचारत बसत नाही. चार साड्या उलगडतो, नजर कुठे रेंगाळली ते टिपतो आणि त्याच वळणाच्या, पण काठ-पदर वेगळे असलेल्या आणखी चार काढतो. उत्क्रांतीच्या अल्गोरिदमनं वस्तू घडवण्याची रीत याहून फार निराळी नाही. बाटली घ्या. उंची, मान, पोटाचा घेर ही तिची जनुकं. ग्राहक आवडलेले नमुने निवडतो, संगणक त्यांचा संकर करतो, मधूनच एखादा आकडा उगाच हलवतो आणि पुढची पिढी समोर मांडतो.

डिझायनर मंडळी म्हणतात, ग्राहकाला काय हवंय हे त्यालाच कळत नसतं. इथे त्यांची गल्लत होते. सांगता न येणं म्हणजे न कळणं नव्हे. चोराचं नाक कसं होतं, असं विचारलं की साक्षीदार गोंधळतो. पण तोच चेहरा समोर आला की चटकन ओळखतो. नेमकं हे हेरून 1991 साली कॉल्डवेल आणि जॉन्स्टन या संशोधकांनी संशयिताचा चेहरा जनुकीय अल्गोरिदमनं शोधण्याची पद्धत मांडली. साक्षीदारानं वर्णन करायचंच नाही, कोणता चेहरा किती जुळतो एवढंच सांगायचं.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे: गर्दीच्या हाती निवड दिली की सगळं गुळगुळीत, बेचव होतं. त्यासाठी 'डार्विनट्यून्स'चा दाखला देता येईल. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सुमारे सात हजार श्रोत्यांनी केवळ गुण देत गोंगाटातून ऐकण्याजोगे सुरावटींचे तुकडे घडवले. पहिल्या पाच-सहाशे पिढ्यांत गोडवा झपाट्यानं वाढला आणि मग जवळजवळ थांबला. झालं ना सिद्ध? नाही. त्या संशोधकांनी बोट ठेवलं ते श्रोत्यांच्या आवडीवर नव्हे, संकरावर. तुकडे गुंतागुंतीचे झाले तसतशी त्यांची नाजूक बांधणी पुढच्या पिढीत जाताना मोडू लागली. म्हणजे दोष वारसा पोचवण्यात होता, आणि तो यंत्राच्या बाजूचा.

आणि सगळ्यांचे गुण एकत्र केलेच पाहिजेत असं तरी कुठे आहे? संशोधक केनेथ स्टॅन्ली आणि सहकाऱ्यांच्या 'पिकब्रीडर' (2007) या चित्रं घडवण्याच्या संकेतस्थळावर कुणीही दुसऱ्याचं चित्र उचलून त्याला आपली फांदी फोडू शकत असे. स्टॅन्ली यांनी स्वतः परग्रहवासीयाच्या चेहऱ्यासारखं एक चित्र घेतलं आणि निवडता निवडता त्याची मोटार झाली. मोटार काढायची असं त्यांनी ठरवलंच नव्हतं. ही सरासरी म्हणायची का?

एक मात्र कबूल करायला हवं: माणूस थकतो. विसाव्या साडीनंतर "बरी आहे, द्या" असं म्हणणारी बाई आवडीनं बोलत नसते, कंटाळ्यानं बोलत असते. अशा वेळी तिची निवड नोंदवून घेणारा अल्गोरिदम कंटाळ्याचीच पैदास करतो. म्हणून पिढ्या थोड्या ठेवणं, नमुने मोजके दाखवणं ही कामं डिझायनरचीच. जनुकं ठरवणंही त्याचंच. बाटलीच्या यादीत उंची, मान आणि घेर एवढंच लिहिलं, तर हजार पिढ्या गेल्या तरी तिला कान फुटणार नाही.