टाक्यांचा हिशेब

नाशिकच्या मेनरोडवर लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात ‘स्मोकिंगचा फ्रॉक आहे का हो?’ असे विचारणाऱ्या आज्या अजून भेटतात. खरा शब्द स्मॉकिंग. पण आमच्या घरात सिगारेट कोणी ओढली नाही तरी ‘स्मोकिंग’ मात्र दोन पिढ्या चालत आले आहे. दुकानदार फ्रॉक काढून दाखवतो, त्याच्या छातीवर इलॅस्टिकच्या चुण्या असतात. शिवणयंत्राच्या बॉबिनमध्ये इलॅस्टिकचा दोरा भरून भराभर टिपा मारलेल्या. महिन्या-दोन महिन्यांच्या धुण्यात तो दोरा सैल पडतो आणि फ्रॉक गळ्यात पोते अडकवल्यासारखा दिसू लागतो.

हाताच्या स्मॉकिंगची गोष्टच निराळी. तयार रुंदीच्या सुमारे तिप्पट कापड घ्यायचे, त्यावर सारख्या अंतराने टिपक्यांच्या ओळी काढायच्या, प्रत्येक ओळीत धावदोरा घालून सगळे दोरे एकदम ओढायचे. कापड चुण्याचुण्यांचे होते. मग त्या चुण्यांच्या माथ्यावर रंगीत दोऱ्याने टाके घालायचे. कधी साखळीसारखी सरळ ओळ, कधी लाटा, कधी मधमाशीच्या पोळ्यासारखी घरे. शेवटी धावदोरे काढून टाकायचे. टाके चुण्या धरून ठेवतात, पण आवळत नाहीत. हुशार बायका बारीक चौकडीचे कापड घेतात. चौकटींचे कोपरेच टिपक्यांचे काम करतात.

हा प्रकार मूळचा इंग्लंडातल्या शेतकरी-गुराख्यांचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात, इलॅस्टिक घरोघरी पोचण्याआधी, अंगावरचा सैल डगला कामात ताणला जावा आणि पुन्हा जागेवर यावा, म्हणून. १८८० नंतर तो तिकडच्या लहान मुलांच्या कपड्यांवर शोभेसाठी आला. म्हणजे ज्याला आपण नाजूक म्हणतो, ते काम मुळात राबणाऱ्या अंगासाठी होते. वाढत्या मुलीला म्हणूनच ते सोयीचे. छाती भरली तरी चुण्या उलगडतात, खाली घेरात दुमड सोडलेली असली की एकच फ्रॉक दोन-तीन वर्षे जातो आणि पुढे धाकटीला होतो. (तान्ह्या बाळाच्या झबल्यावर मात्र करू नये, आतल्या गाठी कोवळ्या अंगाला टोचतात. तिथे आजीच्या मऊ लुगड्याचे, बंदांचे झबलेच खरे.)

प्रश्न पैशाचा आहे. दोन वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचा पुढचा भाग भरायला सराईत हातालाही दहा-बारा तास लागतात, म्हणजे दीड दिवस. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२४-२५ साली दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. त्या दराने नुसत्या टाक्यांचेच साडेचारशेच्या आसपास होतात. कापड, दोरा, शिलाई वेगळी. पण घरी फ्रॉक शिवून विकणाऱ्या बाईने एवढे सांगितले की गिऱ्हाईक म्हणते, ‘काकू, घरीच तर करता, एवढे कशाला?’

येवला याच जिल्ह्यात. तिथे हातमागाची पैठणी घेताना हेच गिऱ्हाईक ‘किती महिने लागले?’ असे कौतुकाने विचारते आणि पैसे मोजते. पैठणीचे तास दिसतात, फ्रॉकचे दिसत नाहीत. मागावर बसतो तो कारागीर, आणि दुपारी जेवणे उरकून सुई हातात घेते ती रिकामटेकडी, असा हा न्याय आहे.

बँकेतही तोच न्याय होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० पासून देशभर सुरू झाला आणि पुढे मी ज्या ग्रामीण शाखेत होतो तिथे शिवणयंत्राच्या कर्जांचे अर्ज गठ्ठ्याने येत. यंत्राचे कोटेशन जोडले की काम पुढे सरके. भरतकाम येते, असे एखादीने सांगितले तर ते लिहायला अर्जात रकानाच नसे. यंत्र जप्त करता येते. बोटांतले कसब कसे जप्त करणार? २०२३ मध्ये आलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपी आहे, माळा गुंफणाराही आहे, भरतकाम करणारी नाही. चाळीस वर्षांनी रकाने वाढले, पण तिच्या वाट्याचा अजून यायचाच आहे.

त्याची वाट पाहण्यापेक्षा घरी शिवणाऱ्या बायकांनी एक करावे. ‘थोडे स्मॉकिंग घालून देते, त्याचे वेगळे नको,’ हे वाक्य बंद करावे. चिठ्ठीवर कापड, शिलाई आणि स्मॉकिंगचे तास अशा तीन ओळी लिहाव्यात. परवडत नसेल त्या गिऱ्हाइकाला साधा फ्रॉक द्यावा, तोही चांगलाच असतो. नाहीतर छातीभर न भरता वरच्या तीनच ओळी कराव्यात. पोळ्याच्या टाक्याने तेवढ्यातही फ्रॉक उठून दिसतो आणि काम एका दुपारीत आटोपते. काही गिऱ्हाइके जातील. जी राहतील ती पुढच्या वर्षी धाकटीचे माप घेऊन येतील.