आनंदासाठी गाठीला बांधलेले पैसे



सुट्टीतील बायबल शाळेच्या शेवटच्या दिवशी आम्ही मुलांना सरबत वाटत होतो. कोणीतरी सहज विचारले, "मग सुट्टीत कोण कुठे जाणार?" दोनतीन हात भराभर वर गेले. कोणी मोठ्या पार्कात, कोणी समुद्रावर. बाकीची मुले ग्लासात बघत राहिली. त्यांच्यात आमची मुलेही एकदा होती, म्हणून हा विषय आज मांडावासा वाटतो. विषय आत्मिक नाही असे कोणाला वाटेल. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या बेळगावच्या घराघरांत जी कुजबुज आणि जी भांडणे होतात ती याच विषयावर होतात, आणि मंडळीत त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही.

आधी आमची चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टापायी आम्ही एका मोठ्या पार्कात गेलो. बेत साधाच होता. पण तिथे गेल्यावर एका पाळण्यासमोर तासाभराची रांग होती आणि शेजारी दुसरी छोटी रांग झटपट पुढे सरकत होती. मुलाने विचारले, "पप्पा, त्यांची रांग वेगळी का?" आम्ही सांगितले की त्यांनी जास्त पैसे भरलेत. "मग आपण गरीब आहोत का?" त्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आम्ही खिडकीवर जाऊन कार्डावर जादा पास घेतले. पास झाले, मग जेवण झाले, मग फोटो, मग बाहेरच्या हॉटेलात एक रात्र. घरी आल्यावर हिशेब केला तर ३०,००० रुपये झाले होते. ते वर्षभराच्या हप्त्यांत फेडावे लागले.

त्या वर्षी शाळेची फी उशिरा भरली. सहा महिने दानाच्या पाकिटात आम्ही जवळजवळ काहीच घातले नाही. आणि घरात आम्ही दोघे एकमेकांशी धड बोलत नव्हतो. प्रत्येक हप्त्याच्या तारखेला तेच: "तूच म्हणालीस," "तुम्हीच कार्ड काढलंत." एकदा मुलगी आतल्या खोलीतून म्हणाली, "आपण गेलोच नसतो तर बरं झालं असतं." ज्या दिवसाची आठवण तिने जन्मभर जपावी म्हणून आम्ही पैसे घालवले, त्या दिवसाचीच तिला लाज वाटू लागली होती.

यावर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचे मत आम्हाला ठाऊक आहे. असले खर्च आपल्यासारख्यांचे नव्हेत, तेच पैसे गरिबांना द्यावेत, मुलांना किल्ल्याच्या तलावावर फिरवून आणावे, नाहीतर गोकाकचा धबधबा दाखवावा. या सल्ल्यामागे प्रेम आहे, आणि तलाव आणि धबधबा दोन्ही छानच आहेत. पण दहा वर्षांच्या पोराला पाण्याच्या घसरगुंडीवरून किंचाळत खाली यायचे असते तेव्हा धबधबा म्हणजेच ते, असे सांगणे खरे नाही. आणि आनंद करणे म्हणजे देवाचे पैसे उडवणे, असे पवित्र शास्त्र म्हणत नाही.

अनुवादाचा चौदावा अध्याय काढून २२व्या वचनापासून पुढे वाचा. तिथे उत्पन्नाचा दहावा भाग वेगळा काढायला सांगितले आहे आणि तो घेऊन सगळ्या घरादाराने देवाने निवडलेल्या ठिकाणी जायचे आहे. वाट लांबची असेल तर धान्य विकावे, पैसे हाती बांधून न्यावेत, तिथे मनाला आवडेल ते घ्यावे आणि देवासमोर कुटुंबासह खाऊन आनंद करावा. म्हणजे प्रवास, त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम आणि आवडीचे खाणे, हे सगळे आज्ञेतच आहे. ही आज्ञा श्रीमंतांना वेगळी आणि गरिबांना वेगळी नाही. त्याच अध्यायात पुढे लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना विसरू नका असेही आहे.

आता लूकच्या दुसऱ्या अध्यायात या. योसेफ आणि मरीया यांनी मंदिरात पक्ष्यांचे अर्पण आणले. लेवीयाच्या बाराव्या अध्यायाप्रमाणे कोकरू परवडत नसेल त्यांच्यासाठी ती सवलत होती. म्हणजे ते घर हातावर पोट असलेले. तरी ते दर वर्षी वल्हांडणासाठी नासरेथहून यरुशलेमला जात. ही कित्येक दिवसांची पायपीट होती, धंदा बंद ठेवून केलेली. त्यांनी ती कशी जमवली? शास्त्रात हिशेब दिलेला नाही, पण एक गोष्ट दिसते. ते एकटे जात नसत. नातलग आणि ओळखीचे यांचा मोठा जथा असे, इतका मोठा की बारा वर्षांचा येशू बरोबर नाही हे एक दिवसाची वाट चालेपर्यंत त्यांच्या लक्षात आले नाही.

आम्ही थीम पार्कला यरुशलेम म्हणत नाही. सहल ही उपासना नव्हे. पण या दोन अध्यायांनी आम्हाला तीन गोष्टी शिकवल्या: आनंदासाठी आधी साठवायचे, उसने घ्यायचे नाही, आणि ज्याला जाता येत नाही त्याला बरोबर घ्यायचे.

म्हणून कर्ज फिटल्यावर आम्ही स्वयंपाकघरात एक डबा ठेवला. दर महिन्याला आधी मंडळीचे दान, मग घरखर्च, आणि मग डब्यात ७०० रुपये. १४ महिन्यांत ९,८०० झाले. रक्कम मुलांना माहीत होती. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले, ते लूक १४ मध्ये आहे. आमच्याकडे तो हिशेब मुलांच्या वहीत झाला, मुलांच्याच हस्ताक्षरात.

त्या वहीतल्या काही गोष्टी इतरांना उपयोगी पडाव्यात म्हणून लिहितो. बंगळुरूजवळ बिडदीला म्हैसूर रस्त्यावर वंडरला हे पार्क २००५ पासून आहे, पाण्याचे आणि जमिनीवरचे खेळ एकाच तिकिटात. अशा पार्कांत शनिवार-रविवारपेक्षा मधल्या वारी तिकीट साधारणपणे स्वस्त असते आणि गर्दीही कमी असते. अनेक ठिकाणी मुलाचे तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरते, म्हणून घरातच भिंतीला उभे करून मोजून घ्या. दहावी-बारावीच्या मुलांना हॉल तिकिटावर सूट कधी कधी असते, ती विचारून घ्यावी. पाण्यात उतरायला सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. ते तिथे विकत किंवा भाड्याने घेण्यापेक्षा इथे बाजारातून आधीच घ्यावेत. बाहेरचे खाणे बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, तेव्हा आत जाण्याआधी पोटभर खावे आणि आत एकाच जेवणाचे पैसे धरावेत.

प्रवासाचे म्हणाल तर २०२३च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायका-मुलींना राज्याच्या साध्या सरकारी बसला तिकीट पडत नाही, ओळखपत्र मात्र जवळ हवे. त्यामुळे बेळगाव ते बंगळुरू, सुमारे ५०० किलोमीटर, आमच्या घरातल्या बायका फुकट गेल्या. एक पूर्ण आणि एक अर्धे तिकीट काढावे लागले. रात्रभर बसून पाठ धरते, हे खरे. ज्यांना झोपून जायचे असेल त्यांनी रेल्वेने जावे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, आपल्याच बर्थवर घेतले तर अर्धे. उतरायला हॉटेल केले नाही. आमची एक मावसबहीण तिथे नर्स आहे, तिच्याकडे सकाळी अंघोळ आणि उप्पीट झाले. तिच्यासाठी कुंदा नेला होता.

आता तिसऱ्या गोष्टीकडे येतो. डबा भरत आला तेव्हा आमच्या मुलीने विचारले, "ताई येऊ शकेल का?" ताई म्हणजे आमच्या चुलत वहिनींची मुलगी. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी प्रभूमध्ये झोपी गेले. वहिनी शिवणकाम करून घर चालवतात. खरे सांगायचे तर आमच्या मनात पहिला विचार पाचव्या तिकिटाचा आला. लेवीला विसरू नका हे आम्ही वाचले होते, पण वहीत त्याला ओळ नव्हती. मुलांनीच सुचवले की फोटो नकोत आणि आइस्क्रीम नको. वहिनींना विचारायला गेलो तर त्या शिवणयंत्रावरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, मला यात काही घालता येणार नाही." आम्ही म्हटले, "वहिनी, काही घालायचं नाही. फक्त तिला पाठवा." निघायच्या संध्याकाळी त्यांनी ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बसमध्ये रात्री आम्ही सगळ्यांनी तीच खाल्ली.

बसमध्ये मुलांना एक गोष्टही सांगितली. ज्या पार्कात आपण चाललोय ते काढणाऱ्या केरळच्या कोचौसेफ चिट्टिलप्पिळ्ळी यांनी २०११ मध्ये आपली एक किडनी एका अनोळखी ट्रकचालकाला दिली. मुलगा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "दोन्ही चालतात का एकावर?" चालते, असे सांगितले.

पार्कात रांगा होत्याच. या वेळी आम्ही रांगेतच उभे राहिलो. जादा पैशांच्या पासाबद्दल आधीच घरी बोलणे झाले होते: तो पास वाईट नाही, पण आपल्या वहीत नाही. एका रांगेत पाऊण तास गेला. तिथे उभ्या उभ्या ताई आपल्या पप्पांबद्दल बोलू लागली. ते तिला पोहायला शिकवणार होते, विहिरीवर नेणार होते, असे काहीबाही. दोन वर्षांत ती आमच्यासमोर त्यांच्याविषयी एक शब्द बोलली नव्हती. आम्ही फक्त ऐकत होतो. मग नंबर आला आणि तिघेही ओरडत पाण्यात गेली.

एकूण खर्च १०,२०० झाला. वरचे ४०० रुपये आम्ही दोघांनी घातले. परतल्यावर एकाही हप्त्याची तारीख नव्हती. पुढच्या रविवारी पाकीट नेहमीसारखेच गेले.

म्हणून आमचे म्हणणे असे. ज्या पालकांचा हात आखडता आहे त्यांनी मुलांना "आपल्याला परवडत नाही" एवढे सांगून थांबू नये, "आपण साठवतोय, अजून आठ महिने" असे सांगावे. मुलाला वाट बघता येते, पण आईबापांचे भांडण त्याला सोसत नाही. ज्यांनी कर्ज काढून सहल केली आहे त्यांना आम्ही दोष देत नाही, आम्हीही तेच केले. पुढच्या वेळी मात्र डबा आधी ठेवा. ७०० जमत नसतील तर २०० ठेवा, आणि पार्क लांबचे असेल तर दोन वर्षांनी जा. ज्यांना सहज जाता येते त्यांनी येऊन मंडळीत फोटो जरूर दाखवावेत, फक्त पुढच्या खेपेला गाडीत एक जागा रिकामी ठेवावी.

वडीलधाऱ्यांना हात जोडून विनंती. एखादे गरीब घर चार दिवस हसून आले तर "पैसे कुठून आले?" असे विचारू नका. मुलांना "काय काय बघितलंस?" असे विचारा. आणि आपल्या संडेस्कूलने पुढच्या वर्षी नातलगांचा तसाच जथा काढावा, असे आम्ही पाळकसाहेबांना सुचवले आहे. बरीच जणे एकत्र असली तर तिकिटात गटाची सवलत मागता येते, डबे वाटून घेता येतात, आणि ज्या घरात कमावणारे कोणी नाही त्या घरचे मूलही त्यात सहज सामावते. फक्त योसेफ-मरीयेची आठवण ठेवून दर तासाला मुले मोजायची, चुकल्यास भेटण्याची जागा आत शिरतानाच ठरवायची आणि लहानांच्या हातावर पेनाने फोन नंबर लिहायचा.

प्रेमळ स्वर्गीय पित्या, आमच्या घरात आनंदासाठी जागा ठेवण्याचे धैर्य दे आणि त्या जागेत दुसऱ्यालाही बसवण्याचे मन दे. ज्या मुलांनी या सुट्टीत ग्लासात बघत आपली मान खाली घातली, त्यांची आम्हाला आठवण राहू दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.