समुद्रतळावरचे भंगारवाले

चाचा म्हटला की एका डोळ्यावरची काळी पट्टी आणि बुडालेल्या गलबतातल्या मोहरा आठवतात. आजच्या चाच्याला मोहरा नकोत, भंगार हवे आहे.

२७ फेब्रुवारी १९४२ रोजी जावा समुद्रातील लढाईत जपानी आरमाराने 'डी रॉयटर' आणि 'जावा' या डच क्रूझर बुडवल्या. अ‍ॅडमिरल डोरमन यांच्यासह शेकडो खलाशी त्यांच्याबरोबर तळाला गेले. २००२ मध्ये पाणबुड्यांना हे सांगाडे सापडले. लढाईच्या पंच्याहत्तरीपूर्वी, २०१६ मध्ये पथक पुन्हा उतरले, तो काय? तळावर उरले होते फक्त जहाजांच्या आकाराचे खळगे! हजारो टन पोलाद गेले कुठे? क्रेनने अजस्र पंजा खाली सोडायचा आणि मिळेल ते ओरबाडून वर काढायचे, ही यांची रीत. मुंबईच्या दारूखान्यात जहाजे मोडताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातला नफा सांगायला नको. पंख्याच्या ब्राँझला तर आणखी भाव.

बार्जवरचा मजूर पोटासाठी राबतो. त्याला चाचा म्हणताना जीभ अडखळते. पण माल कुठला हे न विचारता तो विकत घेणाऱ्याचे काय?

मे २०२३ मध्ये मलेशियाने एक चिनी जहाज अडवले. त्यावर जुने तोफगोळे मिळाले. १० डिसेंबर १९४१ रोजी बुडालेल्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिश युद्धनौकांवर हात मारल्याचा संशय होता. त्या दोन नौकांवर सुमारे ८४० जण मृत्युमुखी पडले होते.

युनेस्कोचा २००१ चा करार आहे. पण तो किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांसाठी. या नौकांची शंभरी भरेल २०४१-४२ मध्ये.