किटमधला फुकटचा ब्रश आधी बाजूला काढा



आज थोडं परखड बोलणार आहे. घरातून अ‍ॅक्रिलिक नेल्सचा व्यवसाय सुरू करताना बऱ्याच जणी पैसे उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी रिंग लाइट, मग चाळीस रंगांची पावडर, मग ड्रिल मशीन. ब्रश मात्र किटसोबत जो फुकट आला तोच! म्हणजे पोळपाट संगमरवरी आणि लाटणं वाकडं.

माझं मत विचाराल तर पहिला मोठा खर्च ब्रशवर करा. रंग चार असले तरी चालतील.

का, ते सांगते. अ‍ॅक्रिलिकमध्ये मोजायला चमचा नसतो. मोनोमर किती आणि पावडर किती, हे ब्रशच ठरवतो. साधारण दीड भाग लिक्विडला एक भाग पावडर, असं प्रमाण धरतात. ते जमलं की ब्रशच्या टोकावर गुळगुळीत गोळी तयार होते, नखावर ठेवली की क्षणभर तशीच राहते आणि मग हळूहळू पसरते. लिक्विड जास्त झालं की तीच गोळी क्युटिकलकडे धावते. कमी झालं तर पांढरट, भुसभुशीत होते आणि नखाला नीट धरत नाही.

किटमधल्या स्वस्त नायलॉनच्या ब्रशचा त्रास इथेच होतो. तो लिक्विड पोटात धरून ठेवत नाही, एकदम सोडून देतो. कोलिन्स्की केसांचा ब्रश लिक्विड धरतो आणि बेताबेताने सोडतो. नवीन हाताला हाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो. अनुभवी बाई खराब ब्रशनेही काम निभावून नेईल, तुमचं मात्र शिकणंच चुकेल. हात चुकतोय की ब्रश, हेच कळणार नाही.

आता "ताई, महाग आहे हो!" याचं उत्तर. समजा ब्रश २,४०० रुपयांचा आहे आणि तुम्ही आठवड्याला ४ क्लायंट करता. वर्षाचे साधारण २०० सेट झाले. एका सेटमागे १२ रुपये, कटिंग चहाइतके! उलट एक नख उचललं म्हणून क्लायंट परत आली, तर तुमचा अर्धा तास फुकट गेला, आणि ती बाई सोसायटीत चार जणींना काय सांगेल ते वेगळंच.

पैशापेक्षा मोठी गोष्ट त्वचेची आहे. ओलं, न सुकलेलं प्रॉडक्ट वारंवार कातडीला लागलं तर अ‍ॅक्रिलेटची अ‍ॅलर्जी होऊ शकते. ती एकदा झाली की सहसा जात नाही, आणि याच कुटुंबातली रसायनं दातांच्या फिलिंगमध्ये आणि हाडांच्या सिमेंटमध्येही वापरतात. क्लायंटला धोका आहेच, पण रोज हाताळता तुम्ही.

म्हणून साइज. रीलमध्ये एखादी बाई १६ नंबरच्या ब्रशने एका गोळीत अख्खं नख उरकते, ते बघून तोच मागवू नका. तिच्या हाताला वर्षांची सवय आहे. तुम्ही ८ किंवा १० ने सुरू करा. गोळी लहान येते, क्युटिकलजवळ ताबा राहतो. हात बसला की १२ वर जा. आणि हो, नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. एकीचा १० दुसरीच्या ८ एवढा निघतो, तेव्हा केसांची लांबी आणि भरदारपणा बघून घ्या.

आकार गोल की चपटा, यावर भांडणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर केस धरणारी धातूची नळी किंचित दाबलेली असलेला, टोकदार ब्रश नवशिक्यांना सोपा जातो. यावर एवढंच.

नवीन ब्रश गोंदाने कडक केलेला असतो. बोटांनी हळूच मोकळा करा, मोनोमरमध्ये बुडवा, टोक एकत्र येतंय का बघा. दोन टोकं फुटत असतील तर परत करा, लाजू नका. काम झालं की मोनोमरनेच साफ करा. अ‍ॅसिटोनने केस कोरडे पडतात, साबण-पाणी तर नकोच. पुसून टोक जुळवा आणि आडवा ठेवा. जेलचा ब्रश वेगळा म्हणजे वेगळाच.

एक प्रश्न हमखास येतो: प्राण्याचे केस नको असतील तर? कोलिन्स्की म्हणजे सायबेरियन वीझलच्या शेपटीचे केस, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. चांगले सिंथेटिक ब्रश मिळतात. लिक्विड निथळायचा अंदाज नव्याने बसवावा लागतो, म्हणून प्रॅक्टिस टिपवर जास्त वेळ द्या. पण कोणी "अस्सल केस" म्हणून बिलाशिवाय स्वस्तात काही विकत असेल तर घेऊ नका. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश विकले गेले आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. बिल मागा, त्यावर केस कशाचे आहेत ते लिहून घ्या, आणि दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर सरळ पुढच्या दुकानात जा.