‘धिस’ म्हणजे कोण?

गेल्या सत्राच्या अखेरीस आमच्या शाळेत एक चमत्कारिक प्रकार घडला. एका माजी विद्यार्थ्याने हौसेने लिहून दिलेल्या जावास्क्रिप्टच्या आज्ञावलीतून आठवीच्या गुणपत्रिका निघाल्या. गुण अचूक, परंतु नावाची जागा कोरी! दाराशी पालक उभे. कोणती पत्रिका कोणाच्या हाती द्यावी, आम्हांस सुचेना.

विद्यार्थी धावत आला. “सर, दोष माझाच. ‘धिस’ निसटला.”

व्याकरण शिकविण्यातच आमचे आयुष्य गेले. घोटाळा सर्वनामाचा आहे, एवढे चटकन उमगले. ‘मी’ हा ज्याच्या तोंडी असेल त्याचा. जावास्क्रिप्टमधील ‘धिस’ही बहुतांशी तसाच, फंक्शन कोणाच्या वतीने बोलाविले, यावर त्याचा अर्थ ठरतो. विद्यार्थ्याच्या ऑब्जेक्टमार्फत छपाईचे फंक्शन बोलाविले, तर ‘धिस’ म्हणजे तो विद्यार्थी. या गृहस्थाने मात्र ते सुटे काढून ‘सेटटाइमआउट’च्या, म्हणजे काही वेळाने काम करविणाऱ्या गड्याच्या, हवाली केले. गुण आर्ग्युमेंट म्हणून सोबत गेले, ते शाबूत राहिले. नाव ‘धिस’कडे मागितले, तेथे आता विद्यार्थी नसून ब्राउझरची ‘विंडो’ उभी होती. तिच्यापाशीही ‘नेम’ नावाची नोंद असते आणि ती बहुधा रिकामी असते. म्हणूनच यंत्राने तक्रारीचा शब्दही काढला नाही!

उपाय जुनेच आहेत. १९९९ च्या प्रमाण आवृत्तीत ‘कॉल’ व ‘अप्लाय’ आले. दोघांनाही प्रथम ‘धिस’ कोण ते सांगावयाचे. पुढची आर्ग्युमेंट्स कॉलला एकेक करून द्यावयाची, अप्लायला एका अ‍ॅरेत बांधून. कोणाचे विषय पाच, कोणाचे सहा, अशा ठिकाणी हे गाठोडे फार सोयीचे. (२०१५ पासून तीन टिंबांच्या खुणेने कॉललाही ते सोडून देता येते.) फंक्शनचे नावसुद्धा चौकटी कंसात ऐनवेळी देता येते: उत्तीर्णास एक मजकूर, फेरपरीक्षेस दुसरा. परंतु हे दोघेही काम तत्क्षणी उरकतात. आमचे काम पुढे व्हावयाचे होते. त्यासाठी २००९ चा ‘बाइंड’ हवा. तो फंक्शन चालवीत नाही, ‘धिस’ पक्का बांधून नवे फंक्शन हाती देतो. बाणाच्या खुणेने लिहिलेल्या फंक्शनांपुढे मात्र तिघांचेही चालत नाही. ती आपला ‘धिस’ जन्मस्थानाहूनच घेऊन येतात.

असो. एका ओळीत ‘बाइंड’ घातला आणि दुपारी पत्रिका नावांसह निघाल्या. पहिल्याच मुलीने आपल्या नावातील ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखविली. ती मात्र आमच्या हातची होती.